ओढ्यापर्यंतचा नवस

आमच्या पेशकारांचा देव राजूरला होता आणि नवस मात्र ओढ्यापर्यंतचाच होता. ही गोष्ट ठाऊक असणारे आम्ही चौघंच. ते स्वतः, त्यांची बायको, मी, आणि त्यांच्या दमणीचा डावीकडचा बैल. उजवीकडचा बैल डावीकडच्याच्या मागं जायचा. त्याला स्वतःचं मत नव्हतं.

मी तेव्हा तहसील कचेरीत नवाच अहलकार म्हणून लागलो होतो. अहलकार म्हणजे कारकून. निजामाच्या राज्यात साध्या माणसालाही भारदस्त नाव मिळायचं. पगार तेवढा साधाच असायचा. राहायला जागा नव्हती, म्हणून पेशकारांनी आपल्या घरातली पुढची खोली मला दिली. मधली भिंत फळ्यांची होती. त्या भिंतीपलीकडं काय बोलणं चालतं ते ऐकू येऊ नये म्हणून मी पहिले काही दिवस मोठ्यानं खोकत असे. पुढं खोकणं सोडलं. खोकण्यानं फार चांगली वाक्यं बुडत होती.

पेशकार म्हणजे तहसीलदारांच्या पुढ्यात मिसली, म्हणजे फायली, ठेवणारा माणूस, कागदांच्या राज्याचा दिवाण. आमचे पेशकार उंच, कोरडे, पन्नाशीला टेकलेले. काळी शेरवानी गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर लाल रूमी टोपी. चालताना टोपीचा काळा गोंडा हलायचा. या माणसाच्या अंगावर हलणारी तेवढीच एक वस्तू आहे, असं कचेरीत सगळे म्हणायचे, अर्थात ते खोलीबाहेर गेल्यावर.

त्यांचा एकच शब्द होता. वजह. वजह म्हणजे कारण. विहीर ढासळली म्हणून कोणी रडत आला तरी ते मान वर न करता विचारायचे, "वजह?" चपराशी शिंकला तरी त्याच्याकडं अशा नजरेनं बघायचे की त्यानं शिंकेची वजह लेखी द्यावी. मी बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज दिला, तो त्यांनी दोनदा वाचला आणि परत सरकवला. म्हणाले, "लग्न ही वजह बराबर हाय. पण लग्न आताच कामून, हे लिहिलं न्हाई."

एकदा मूड चांगला असताना त्यांनी मला या शास्त्राचा गाभा सांगितला. "हे बघा, लोक कामाला हरकत घेत न्हाईत. बिनवजह कामाला घेतात. तुम्ही माळवदावर चढून नाचा. फक्त आधी सांगून ठेवा की माती दाबायची हाय. कोणी वर बघायचं न्हाई."

मला तेव्हा वाटलं, हा माणूस कधी माळवदावर नाचलेला नसणार. माझा अंदाज चुकला होता.

संध्याकाळी घरी आले की ते टोपी खुंटीला लावायचे, आणि टोपीबरोबर पेशकारही खुंटीला लागायचे. घरात हिंडायचा तो दुसराच कोणीतरी. कचेरीत पन्नास एकर काळ्या रानाच्या मालकालाही 'तू' म्हणणारा हा गृहस्थ घरात बायकोला 'अहो' म्हणायचा. नवऱ्याला अहो म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या होत्या. बायकोला अहो म्हणणारा नवरा पहिल्यांदाच पाहत होतो. धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, "तिकडं हुकूम चालतो. इकडं दरखास्त करावी लागते."

त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू. काकू बुटक्या, गोल, नाकात मोरणी आणि डोळ्यांत कायम काहीतरी शिजत असलेलं. माहेर जाफराबादचं. गल्लीत जायच्या तेव्हा डोक्यावरून पदर, मान खाली, आवाज एवढासा. घरात शिरल्या की पदर खांद्यावर आणि आवाज आपल्या जागेवर.

निजायच्या आधी त्या दोघांचा एक कार्यक्रम चालायचा, आणि सणवार, आजारपण, तहसीलदारांचा दौरा, कशानंही तो चुकत नसे. काकू एक विडा लावायच्या. एकच. घरात पानांना तोटा नव्हता, पण दोन विडे लावले तर भांडणार कशावर? तो विडा अडकित्त्यानं मधोमध कापायचा आणि अर्धा अर्धा खायचा. मग भिंतीपलीकडून पेशकारांची तक्रार यायची की गुलकंद सगळा तुमच्या बाजूला गेला. काकू म्हणायच्या, मंग बदला. बदलून झालं की आता सुपारी त्यांच्याकडं जास्त गेलेली असायची. हा खटला रोज उभा राहायचा आणि रोज तहकूब व्हायचा.

त्यानंतर बातम्या. काकू गल्लीच्या सांगायच्या, पेशकार कचेरीच्या. आणि सांगायचे म्हणजे कसे! तहसीलदारसाहेब पानदान उघडताना कसे कण्हतात, पटवारी खोटं बोलायच्या आधी कान कसा खाजवतो, अहलकार, म्हणजे मी, रजेचा अर्ज पुढं करताना कसा पोट आत घेतो. दिवसभर दगडासारखा बसणारा हा माणूस सगळ्यांना पाठ करत होता, आणि ते फक्त एका प्रेक्षकासाठी. काकू तोंडात पदर कोंबून हसायच्या, कारण भिंत फळ्यांची होती. माझ्या नकलेला मीही उशीत तोंड खुपसून हसलो आहे.

शेवटी टाचा. काकूंच्या टाचांना भेगा होत्या, आणि पेशकार वाटीत कोमट तीळतेल घेऊन त्या चोळून द्यायचे. हे मला भिंतीमुळं कळलं नाही. एकदा काडेपेटी मागायला गेलो आणि दार उघडं होतं. त्या दिवशी दौऱ्यावरून उशिरा आल्यामुळं त्यांनी शेरवानीही उतरवली नव्हती. गळ्यापर्यंत बटणं, मांडीवर बायकोचं पाऊल. अर्जदाराच्या हातातला कागद स्वतः न घेता टेबलावर ठेवायला लावणारे ते हात तेलानं चमकत होते. काकूंनी पाय ओढून घेतला. पेशकारांनी तो परत मांडीवर ओढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "वजह, टाचा." मी काडेपेटी न घेताच परत आलो.

आता शुक्रवार.

राज्यात सुट्टी शुक्रवारची. जेवून, थोडं पडून पेशकार ओसरीवर यायचे, हवेचा वास घ्यायचे आणि आत तोंड करून म्हणायचे, "चला." बस. कुठं, कशाला, कधी परत, काही नाही. आदल्या क्षणापर्यंत त्यांनाही ठाऊक नसायचं. पण काकूंची पिशवी मात्र दाराआड तयार असायची. हुरड्याच्या दिवसांत हुरडा, एरवी भाकरी, ठेचा, पेरू. सासऱ्यांनी दिलेली दमणी जुंपायची, पेशकार स्वतः पुढं बसून हाकायचे आणि काकू छपराखाली बसायच्या. गाव मागं पडलं की काकू पुढं सरकायच्या आणि दोघं खांद्याला खांदा लावून जायचे.

हे तुम्हाला आज काहीच वाटणार नाही. पण त्या काळी आमच्याकडं नवरा-बायको मिळून कुठं जायचे, तर लग्नाला, मयताला किंवा देवाला. तेही नवरा पुढं, बायको दहा पावलं मागं. नुसतं हिंडायला म्हणून बायकोला घेऊन निघालेला माणूस लोकांनी पाहिला असता तर वैद्याकडं माणूस पाठवला असता.

पहिल्याच शुक्रवारी कोणीतरी विचारलं, कुठं निघालात. पेशकारांनी चाबकानं रस्ता दाखवला. "राजूरकडं." रस्ता राजूरकडंच जात होता, त्यात खोटं काही नव्हतं. बाकीचं गल्लीनं स्वतः भरलं. त्यांना मूल नव्हतं. राजूरचा गणपती नवसाला पावतो. म्हणजे नवस. वजह गल्लीनंच दाखल केली, मंजूरही गल्लीनंच केली. गणपतीचा वार मंगळवार असताना हे शुक्रवारी कसे जातात, एवढी एक शंका निघाली. तिचा निकाल मात्र पेशकारांनी स्वतः दिला. "मंगळवारी देवाकडं गर्दी असते. शुक्रवारी आपली दरखास्त आरामात पेश होते." यावर तहसीलचा माणूस बोलतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

संध्याकाळी परत येताना शेजारची शिंपीण दारातच बसलेली असायची. शिंप्याची आई म्हणून गल्ली तिला शिंपीणच म्हणायची. तिच्या नजरेतून गल्लीतलं काही सुटत नसे. तिनं हात पुढं केला, "प्रसाद?" काकूंच्या पिशवीत उरलेलं गूळखोबरं होतं. ते दिलं. तिनं डोळ्यांना लावून खाल्लं. झालं. तेव्हापासून काकू दर गुरुवारी राजूरचा प्रसाद घरच्या चुलीवर करू लागल्या.

एका हिवाळ्यात मला घराची फार आठवण येत होती, जेवण जात नव्हतं. त्या शुक्रवारी "चला" नंतर पेशकारांनी माझ्या दारावरही टिचकी मारली. म्हणून मी तो नवस डोळ्यांनी पाहिला. वाट निम्मी होते न होते तोच डावीकडचा बैल कोणी न सांगता रस्ता सोडून उजवीकडं वळला, कापसाच्या दोन रानांमधल्या बोळातून खाली उतरला आणि एका ओढ्याकाठी जांभळाखाली जाऊन उभा राहिला. पेशकारांनी टोपी काढून फांदीला अडकवली. तीन दगडांची चूल तिथं आधीपासून होती. काकूंनी ठेचा काढला. जेवण झाल्यावर दोघं ओढ्यात पाय सोडून बसले, आणि मग काकूंनी झाडाच्या ढोलीत हात घालून सागरगोटे काढले.

तालुक्याचे पेशकार सागरगोटे खेळत होते. बरे खेळत नव्हते. हरायला लागले की खोटं खेळायचे. पडलेला गोटा "वाऱ्यानं पडला" म्हणायचे. काकू म्हणाल्या, "वारं कुठं हाय?" पेशकार म्हणाले, "आल्तं. गेलं." मी त्या दिवशी पोटभर जेवलो. परत येताना पेशकार एवढंच म्हणाले, "तुम्ही राजूरला गेल्ता." मी म्हणालो, हो, दर्शन छान झालं. माझ्याबद्दल त्यांचं मत तिथून सुधारलं.

असं किती वर्षं सुखात चाललं असतं, सांगता येत नाही. घात केला तो प्रसादानं.

शिंपिणीच्या सुनेला बरीच वर्षं मूल नव्हतं. सासू तिला दर शुक्रवारी आपल्यातला अर्धा प्रसाद द्यायची. सुनेला मुलगा झाला. शिंपिणीनं ही बातमी गावभर अशी फिरवली की मुलाच्या बापाचं नाव त्यात शेवटी आलं. आणि पुढच्या शुक्रवारी दमणी जुंपायच्या आधीच दारात बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात नारळ. तुम्ही जाताच आहात तर आमचाही वाहा. कोणाच्या पोटदुखीचा, कोणाच्या जावयाचा, कोणाच्या म्हशीचा. देवाला निघालेल्या माणसाला दुसऱ्याचा नारळ नाकारता येत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पेशकार ओसरीवर उभे राहून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढं एवढ्या दरखास्ती आल्या होत्या आणि एकही परत सरकवता येत नव्हती.

आपल्या नावाचं थोडं खोटं चालतं, दुसऱ्याच्या नारळाचं नाही, असं ते मला म्हणाले. म्हणजे नारळ राजूरला पोचवणं भाग होतं. पण बैल ओढ्यापुढं जाईनात. वर्षानुवर्षं जांभळाखाली सुटलेले बैल ते. पुढं हाकलं की डावीकडचा खाली बसायचा आणि उजवीकडचा त्याच्याकडं बघून बसायचा. शेवटी पेशकारांनी शेरवानीच्या बाह्या वर केल्या, नारळाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि रानातून राजूर गाठलं. काकू जांभळाखाली एकट्या बसल्या. दिवस कलताना ते परत आले ते बोलायच्या अवस्थेत नव्हते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पोती दोन.

शुक्रवारी "चला" म्हणणं बंद झालं. आता नारळच सांगायचे, चला.

आणि मला भिंतीपलीकडचं ऐकू येईना. विडा लागायचा, अडकित्ता वाजायचा नाही. अख्खा विडा पेशकारांपुढं सरकवला जात असावा, आणि गुलकंदाबद्दल कोणाचीच तक्रार नसायची. पटवाऱ्याची नक्कल नाही, पदर कोंबून हसणं नाही. मी पुन्हा खोकायला लागलो, निदान घरात काहीतरी आवाज असावा म्हणून.

एवढ्यात पाटलीणबाईंचा निरोप आला. पाटलीणबाई म्हणजे गावच्या पाटलाची म्हातारी आई. त्यांच्यापुढं पाटीलही पागोटं सावरून उभा राहायचा. त्यांनी कळवलं की नवसाला एवढं यश येतंय तर या शुक्रवारी मी सोबत येते, गल्लीही येईल, आणि पेशकाराच्या बायकोची ओटी देवापुढं मी माझ्या हातानं भरीन.

पेशकारांनी आठवडाभर वजह शोधली. बैलाचा पाय दुखतो म्हणाले, तर पाटलीणबाईंनी लेप पाठवला. काकूंच्या अंगात कसर आहे म्हणाले, तर काढा आला. गाडी पाटलांच्या बैलांनी न्यावी असं सुचवलं, तर त्या म्हणाल्या, छे, नवसाचेच बैल जुंपायचे, त्यांना वाट पाठ आहे. हे मात्र अगदी खरं होतं.

गुरुवारी मी भिंतीला कान लावला. लाज वाटण्याची वेळ कधीच निघून गेली होती. काकू म्हणत होत्या, "खरं सांगून टाकू."

पेशकार म्हणाले, "काय सांगू? पन्नाशीचा पेशकार बायकोला घेऊन ओढ्यात पाय सोडून बसतो, हे सांगू? सागरगोटे खेळतो सांगू? परवा कचेरीत माझ्यापुढं उठून उभं कोण राहील?"

"अन् न्हाई सांगितलं तर आपला शुक्रवार गेला तो गेलाच."



शुक्रवारी चार गाड्या निघाल्या. सर्वांत पुढं पेशकारांची दमणी. छपराखाली काकू आणि पाटलीणबाई, पुढं पेशकार, टोपी डोक्यावर घट्ट. मागच्या गाडीत मी, शिंपीण, तिची सून आणि तो नवसाचा नातू. बायका देवाची गाणी म्हणत होत्या. निम्मी वाट झाली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा दमणी रस्त्यावर नव्हती. डावीकडचा बैल वळला होता. पेशकार दोन्ही हातांनी कासरा ओढत होते, पाय आडव्या लाकडाला रोवून. बैल शांतपणे, रोजच्या चालीनं, बोळातून खाली. आणि पुढची गाडी वळली म्हणून मागच्या गाड्याही वळल्या. गाणं म्हणत म्हणत अख्खी गल्ली ओढ्याकाठी येऊन उभी राहिली. बैल जांभळाखाली थांबले आणि सोडतील म्हणून मान खाली घालून वाट बघू लागले.

गाणं हळूहळू विझलं.

पाटलीणबाई खाली उतरल्या. त्यांनी चूल पाहिली, काळे पडलेले तीन दगड पाहिले, पेरूच्या वाळलेल्या साली पाहिल्या. पाण्याच्या कडेला दोन दगड शेजारी शेजारी, बसून बसून गुळगुळीत झालेले. मग काठीनं ढोलीत ढवळलं. सागरगोटे टपाटप खाली पडले.

"हे राजूर हाय?" पाटलीणबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी पेशकारांकडं पाहिलं. मीही पाहिलं. मला खात्री होती, या माणसाकडं वजह असणार. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या वजहीतल्या चुका काढल्या त्याच्याकडं एक तरी शिल्लक असणार. बैल पाण्याला वळले, म्हणा. देवानं स्वप्नात ओढा दाखवला, म्हणा. पेशकारांनी तोंड उघडलं. गोंडा थरथरला. तोंड परत मिटलं.

तेव्हा काकू खाली उतरल्या. गल्लीत एवढासा असणारा त्यांचा आवाज त्या दिवशी घरातला निघाला.

"हे राजूर न्हाई. आम्ही राजूरला कधी गेलोच न्हाई. तुमचे नारळ तेवढे यांनी नेऊन वाहिले, पायी जाऊन. आम्ही इथं येतो. खातो, पाय सोडून बसतो, खेळतो अन् घरी जातो."

"कामून?"

"वजह काही न्हाई. बरं वाटतं."

मी पेशकारांकडं पाहिलं. बायकोनं भर गल्लीत 'वजह काही न्हाई' म्हटलं होतं. अर्ज नामंजूर होताना अर्जदाराचा चेहरा कसा होतो हे त्यांनी खूपदा पाहिलं असेल. त्या दिवशी तो त्यांचाच झाला होता. पण ते दमणीवरून उतरले आणि काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मागं नाही, पुढं नाही. शेजारी.

पहिली भानावर आली शिंपीण. नातवाला छातीशी धरून ती म्हणाली, "मंग तो परसाद?"

"मी केल्ता. चुलीवर," काकू म्हणाल्या.

शिंपिणीनं नातवाकडं पाहिलं. नातू धडधाकट होता, त्याच्याबद्दल वाद नव्हता. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "म्हंजी गुन तुमच्या हाताला हाय. देवानं बसल्या जागी दिला." आणि तिथल्या तिथं काकूंच्या पाया पडली. तिची श्रद्धा अशी होती की तिला खरं सांगूनही धक्का लावता आला नाही.

पण निकाल पाटलीणबाईंचा होता. त्या पाण्याजवळ गेल्या. जोडे काढले. दोनातल्या एका दगडावर बसल्या आणि हळूच पाय पाण्यात सोडले. पाणी गार असणार. त्यांचे खांदे एकदम वर गेले आणि मग सावकाश खाली आले. लोक उभेच.

"मालक व्हते तवा," त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या, "मी त्यांच्या शेजारी गाडीत एकदाच बसले. वरातीत. तवा बी डोळ्यांवर पदर." मग थोड्या वेळानं, मागं वळून न बघता, "पेरू हाय का?"

काकूंनी पेरू दिला. तो पूर्ण खाऊन झाल्यावर पाटलीणबाईंनी हुकूम सोडला की बाकीच्या गाड्यांनी राजूरला जाऊन नारळ वाहून यावं, मी इथं बसते. "अन् पेशकार," त्या म्हणाल्या, "नवस मोडू नका. असला नवस फिटायला वेळ लागतो."

पेशकारांनी टोपी काढून फांदीला अडकवली.

त्या रात्री भिंतीपलीकडं अडकित्ता वाजला. सुपारी कोणाकडं जास्त गेली यावरून भांडण बरंच रंगलं, आणि पाटलीणबाईंची नक्कल पेशकारांनी इतकी हुबेहूब केली की काकूंनी पदर कोंबायची तसदी घेतली नाही.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण पाटलीणबाईंनी एखादी गोष्ट चालवून घेतली म्हणजे ती गावात रिवाज होते, हे त्या दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. महिनाभरात शिंप्यानं बायकोसह नवस बोलला, मशीन नीट चालावं म्हणून. मशीनला काही झालेलं नव्हतं. मग कासार. मग सराफ, त्याच्या बायकोनं नवस इतका लांबलचक बोलला की वर्षभर पुरावा. आणि एका शुक्रवारी खुद्द तहसीलदारसाहेब पडदा लावलेल्या गाडीतून बेगमसाहिबांना घेऊन ओढ्याच्या मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, गेले. मुआयना संध्याकाळपर्यंत चालला. ओढ्याकाठी एवढी जोडपी झाली की प्रत्येकानं आपापलं झाड धरलं आणि एकमेकांना ओळख न देण्याचा सभ्यपणा सगळ्यांनी पाळला. जांभळाखाली मात्र पाटलीणबाई. त्यांना उठा कोण म्हणणार?

आता उरलं होतं राजूर. पेशकारांनी गुळाचे खडे दाखवत दाखवत बैलांना पुढची वाट शिकवली. शुक्रवारी अख्खा मुलूख ओढ्यावर असल्यामुळं देऊळ रिकामं असायचं. पायऱ्यांवर ऊन असायचं, वारं असायचं. तिथं बसून त्या दोघांनी कित्येक शुक्रवार सागरगोटे खेळले. तालुक्यात दर आठवड्याला नेमानं गणपतीला जाणारं जोडपं तेवढं एकच होतं, आणि त्यांना देवाकडं काहीच मागायचं नव्हतं.

पुढं माझी बदली घनसावंगीला झाली. लग्न झालं. राज्यही गेलं. मोठमोठ्या माणसांनी त्याबद्दल मोठमोठं लिहिलं आहे. आमच्या ओढ्यावर त्याचा काय परिणाम झाला तेवढं मला सांगता येईल. सुट्टी शुक्रवारची होती ती रविवारची झाली. गल्ली रविवारी ओढ्यावर जाऊ लागली. पेशकारांना तोवर पेन्शन मिळाली होती, त्यांना सगळे वार सारखेच. म्हणून शुक्रवारी ओढा पुन्हा त्या दोघांचा झाला. सत्तांतराचा एवढा सरळ फायदा झालेलं दुसरं कुटुंब माझ्या पाहण्यात नाही.

मी एका शुक्रवारी रजा काढून बायकोला घेऊन तिकडं गेलो. भाड्याची गाडी बोळातून खाली उतरवली. पेशकारांची रूमी टोपी राज्याबरोबर गेली होती, आता डोक्यावर पांढरी टोपी, तिला गोंडा नव्हता. अंगावर हलणारं आता काही उरलं नसेल असं वाटावं, तर गृहस्थ सागरगोटे उडवत होते. काकू आणखी गोल झाल्या होत्या. पाटलीणबाई कधीच गेल्या होत्या. त्यांच्या दगडावर काकूंनी माझ्या बायकोला बसवलं, ठेचा दिला, आणि एका विड्याचे अडकित्त्यानं चार तुकडे केले. गुलकंद कोणाकडं गेला यावरून ताबडतोब चार पक्ष पडले.

जरा वेळानं पेशकारांनी मला बाजूला घेतलं. तीच कोरडी नजर.

"इकडं कसं काय? वजह?"

"वजह काही नाही साहेब. हिला ओढा दाखवावा म्हटलं. सहज आलो."

त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. बैलांशिवाय जवळ कोणी नव्हतं. तरी माझ्या कानाजवळ येऊन, आवाज अगदी खाली घेत ते म्हणाले, "असं उघड सांगत जाऊ नका. नवा संसार हाय तुमचा. कोणी विचारलं तर राजूर म्हणा."